डोंगराची रात्र आणि समुद्राची रात्र

एखादा मोठा विमान-अपघात झाला म्हणजे पुढील आठ-पंधरा दिवस घराघरांतून दोनच वाक्यें ऐकूं येतात. माजघरांत म्हणतात, "त्यांची घटकाच भरली होती!" आणि ओसरीवर म्हणतात, "वैमानिकाची चूक, दुसरें काय!" १२ जून २०२५ रोजीं अहमदाबादेहून लंडनकडे निघालेलें विमान उड्डाण करतांच कोसळलें, आंतील २४२ माणसांपैकीं २४१ माणसें प्राणांस मुकलीं, आणि खालीं वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या वसतिगृहावरही मृत्यूनें घाला घातला, तेव्हां हेंच घडलें. डहाणू-तलासरीचा आमचा मुलूख अहमदाबादच्याच वाटेवरचा. रेल्वे तिकडे जाते, हमरस्ता तिकडे जातो. त्यामुळें येथें ती वार्ता परक्या गांवची अशी कोणास वाटली नाहीं. महिन्याभरानें प्राथमिक अहवाल प्रसिद्ध झाला, आणि त्यांत आलेल्या वैमानिकांच्या संभाषणाचा एक तुकडा हातीं लागतांच ज्याला त्याला आपण न्यायासनावर बसलों आहों असें वाटूं लागलें.

वाचकहो, वरील दोन वाक्यें एकमेकांच्या अगदीं उलट दिसतात. एक दैववाद्याचें, दुसरें बुद्धिवाद्याचें. परंतु थोडा विचार केला तर दोहोंचें कार्य एकच आहे असें दिसून येईल. अपघाताचें ओझें दैवावर टाकलें काय आणि एका माणसाच्या माथीं मारलें काय, पुढील विचार तेथेंच थांबतो. घटका भरली होती, तर ती कशानें भरली? चूक झाली, तर जाणत्या माणसाच्या हातून ती कां झाली? हे प्रश्न मग कोणी विचारीत नाहीं.

म्हणून या महिन्यांत आपल्या महाराष्ट्राच्याच भूमीवर आणि महाराष्ट्राच्याच समुद्रांत घडलेले दोन जुने अपघात शेजारीं शेजारीं ठेवून पाहावे, असें योजिलें आहे. दोहोंची रीतसर चौकशी होऊन पुष्कळ वर्षें लोटलीं आहेत. शोकाचा पहिला आवेग ओसरला आहे, आणि शिकण्यासारखें जें होतें तें मात्र तसेंच शिल्लक आहे.

पहिली रात्र डोंगराची. तारीख ७ जुलै १९६२. मध्यरात्र होऊन दहा मिनिटें झालीं असतील-नसतील. अलितालिया या इटालियन कंपनीचें 'डीसी-८' जातीचें चार जेट एंजिनांचें विमान सिडनीहून निघून डार्विन, सिंगापूर, बँकॉक असे मुक्काम करीत मुंबईस येत होतें. येथून पुढें त्यास कराची, तेहरान आणि अखेर रोम गांठावयाचें होतें. आंत ८५ उतारू आणि ९ सेवकवर्ग, मिळून ९४ माणसें होतीं. दिवस आषाढाच्या आरंभाचे. शुद्धांतली कोवळी चंद्रकोर केव्हांच मावळलेली, आणि ती वर असती तरी पावसाळी ढगांनीं तिचा उपयोग होऊं दिला नसता. वैमानिक बाहेर पाहून नव्हे, तर यंत्रें पाहून विमान चालवीत होता. त्यांत गैर कांहींच नव्हतें. रात्रीं सर्वच मोठीं विमानें तशींच चालतात.

मुंबई आतां जवळ आली, सरळ धांवपट्टीच्या रोखानें उतरावें, अशा समजुतीनें वैमानिकानें विमान खालीं आणण्यास आरंभ केला. प्रत्यक्षांत मुंबई अजून सुमारें ८५ किलोमीटर दूर होती. जेट विमानास हें अंतर कांहीं मिनिटांचें. परंतु तीं कांहीं मिनिटें कोणत्या भूमीवरून जावयाचीं होतीं तें पाहा. शिवनेरी, हडसर, चावंड, जीवधन असे किल्ले ज्या डोंगरांनीं अंगावर वागविले, आणि ज्यांच्यांतून सातवाहनांच्या काळीं व्यापाऱ्यांचे तांडे नाणेघाटानें कोंकणांत उतरत, तो हा जुन्नरचा प्रदेश. कोंकणपट्टीवर येऊन जी उंची बिनधोक झाली असती, तीच उंची घाटमाथ्यावर प्राणघातक ठरली. सुमारें ३६०० फूट उंचीच्या एका डोंगरावर, माथ्याच्या जरासें खालीं, विमान आदळलें. ९४ पैकीं एकही जीव वांचला नाहीं.

चौकशीचा निष्कर्ष स्पष्ट होता. मार्गनिश्चितींत चूक झाली. आपण मुक्कामाच्या जवळ आलों आहों असा वैमानिकाचा खोटा ग्रह झाला, आणि त्यामुळें तो अकालीं खालीं आला. याशिवाय तीन कारणें जोडीस दिलीं होतीं. आपण नक्की कोठें आहों हें पडताळून पाहण्याचीं जीं साधनें हातीं होतीं त्यांचा उपयोग केला गेला नाहीं. ठरवून दिलेल्या किमान सुरक्षित उंचीची मर्यादा मोडली गेली. आणि वैमानिकास त्या प्रदेशाची ओळख नव्हती.

हें शेवटचें कारण आम्हां डहाणूकरांस विशेष समजण्यासारखें आहे. विवळवेढ्याच्या महालक्ष्मीचा तो उंच सुळका येथील प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर असतो. चैत्री पौर्णिमेच्या यात्रेंत वाघाडीचा पुजारी रात्रीच्या वेळीं ध्वज घेऊन तो अवघड कडा चढतो, आणि पाहणाऱ्यांच्या अंगावर कांटा उभा राहतो. त्या पुजाऱ्यास अंधाराचें भय वाटत नाहीं याचें कारण त्याच्या पायांस तो डोंगर ठाऊक आहे. कोणता दगड हलतो आणि कोठें हात घालावा हें वाडवडिलांपासून चालत आलेलें ज्ञान आहे. परमुलुखांतल्या माणसास असें ज्ञान कोठून असणार? म्हणूनच परक्या प्रदेशांतून जाणाऱ्यासाठीं किमान उंचीची रेघ आंखून ठेवलेली असते. स्थानिक माणसाच्या पायांस जें ठाऊक असतें, तें परक्यास एका आंकड्यांत सांगण्याची ती युक्ति आहे. ती रेघ ओलांडतांना विमानांतील उंचीमापक कांहीं ओरडला नाहीं. ओरडणार तरी कसा? तो समुद्रसपाटीपासूनची उंची दाखवितो. खालीं भाताचीं खाचरें आहेत कीं सह्याद्रीचा कडा आहे, हें तो जाणत नाहीं.

आतां दुसरी रात्र, समुद्राची. १ जानेवारी १९७८. इंग्रजी वर्षाचा पहिला दिवस, रात्रीं सव्वाआठचा सुमार. एअर इंडियाचें 'सम्राट अशोक' हें विमान सांताक्रूझहून दुबईस निघालें. कंपनीच्या ताफ्यांत १९७१ सालीं दाखल झालेलें हें पहिलें 'बोइंग ७४७'. त्या काळीं लोक तें पाहावयास मुद्दाम विमानतळावर जात. आंत १९० उतारू आणि २३ सेवकवर्ग होते. मुख्य वैमानिक अनुभवी होता, मार्ग परिचयाचा होता, विमानतळ तर घरचाच होता. जुन्नरच्या अपघातांत अनोळखी मुलूख हें एक कारण होतें; येथें तें औषधासही नव्हतें.

धांवपट्टी सोडून विमान पश्चिमेस समुद्राकडे गेलें. ठरल्याप्रमाणें तें किंचित उजवीकडे वळलें, आणि वळण पुरें होतांच पुन्हां समतोल झालें. परंतु मुख्य वैमानिकाच्या समोर जें क्षितिजदर्शक यंत्र होतें तें समतोलावर परतलें नाहीं. विमान अजून उजवीकडेच कललेलें आहे, असें तें दाखवीत राहिलें. वैमानिकानें तो नसलेला कल मोडण्यासाठीं विमान डावीकडे कलविलें. यंत्र मात्र हलेना, म्हणून आणखी कलविलें. डावा कल वाढत वाढत नव्वद अंशांच्याही पलीकडे गेला, नाक खालीं झालें, आणि उड्डाणापासून अवघ्या १०१ सेकंदांत तें प्रचंड विमान वांद्र्याच्या किनाऱ्यापासून सुमारें तीन किलोमीटरांवर उथळ पाण्यांत जाऊन पडलें. २१३ माणसांपैकीं कोणीही वांचलें नाहीं.

क्षितिजदर्शक म्हणजे काय, हें घरांतील मुलांस सांगावयाचें झाल्यास भोंवऱ्याचें उदाहरण घ्यावें. वेगानें फिरणारा भोंवरा आपला आंस सहसा सोडीत नाहीं. हातावर घेतला आणि हात तिरपा केला तरी तो आपला ताठच. असाच एक अतिवेगानें फिरणारा भोंवरा यंत्रांत बसविलेला असतो. विमान कसेंही कललें तरी तो आपली दिशा राखतो, आणि त्याच्याशीं तुलना करून यंत्राच्या तबकडीवर आकाश कोणतें, भूमि कोणती आणि मधली रेघ किती तिरपी, हें दिसतें. बाहेरचें क्षितिज जेव्हां दिसत नाहीं, तेव्हां हें तबकडीवरचें क्षितिजच वैमानिकाचें क्षितिज होय. तेंच अडकून बसलें तर काय होईल, हें वांद्र्याच्या समुद्रांत दिसलें.

यावर कोणी सहज विचारील, "यंत्र बिघडलें तर बिघडलें, स्वतःच्या अंगास कल कळत नाहीं काय?" प्रश्न रास्त आहे, पण उत्तर मनास धक्का देणारें आहे. कळत नाहीं. आपल्या कानाच्या आंत अर्धवर्तुळाकार अशा तीन बारीक नळ्या असतात, आणि त्यांतील द्रवाच्या हालचालीवरून आपण वळतों आहों कीं स्थिर आहों हें मेंदूस समजतें. वळण एकसारखें चालूं राहिलें तर कांहीं वेळानें तो द्रव नळीबरोबरच फिरूं लागतो, आणि आपण सरळ आहों असा भास होतो. कल अगदीं सावकाश वाढला तर तो जाणवतच नाहीं. जमिनीवर डोळे या कानास सुधारीत असतात. डोळ्यांस क्षितिज दिसेनासें झालें म्हणजे कानाचें खोटें उघड करणारें कोणीही उरत नाहीं.

त्या रात्रीं क्षितिज दिसत नव्हतें. पौर्णिमा होऊन सात दिवस लोटले होते; मार्गशीर्ष वद्यांतल्या त्या रात्रीं चंद्र उगवण्यास मध्यरात्र व्हावयाची होती. याची कल्पना ज्यांस घ्यावयाची असेल त्यांनीं वद्य पक्षांत, जेवणें झाल्यावर, डहाणूच्या किनाऱ्यावर यावें. दूरवर मासेमारीच्या होड्यांचे दिवे लुकलुकत असतात, आणि त्यांच्याच वर तारे लुकलुकत असतात. पाणी कोठें संपलें आणि आभाळ कोठें सुरू झालें हें सांगतां येत नाहीं. सर्वांत खालचा तारा कोणता आणि सर्वांत लांबचा दिवा कोणता, यावर मुलें पैज लावतात. पायांखालीं वाळू घट्ट आहे म्हणून आपणांस तो खेळ वाटतो. तीच वाळू काढून घेतली तर? समुद्रावरील उड्डाणाची जोखीम या किनाऱ्यास अगदींच परकी आहे असेंही नाहीं. १३ जानेवारी २०१८ रोजीं तेलविहिरींकडे निघालेलें पवनहंसचें हेलिकॉप्टर याच डहाणूच्या पश्चिमेच्या समुद्रांत पडून त्यांतील सातही जण मृत्यु पावले, तेव्हां शोधाच्या नौका येथूनच दिसत होत्या असें नसलें तरी त्या बातमीची छाया गांवावर पडलीच.

'सम्राट अशोक'च्या चौकशींत असें ठरलें कीं, मुख्य वैमानिकाचें क्षितिजदर्शक बिघडलें. विमानाची खरी स्थिति त्यास मुळींच उमगली नाहीं, आणि त्या अज्ञानांत त्यानें चुकीचे उपाय केले. तसेंच इतर यंत्रांच्या आधारें विमान सांवरतां आलें असतें, तें सांवरलें गेलें नाहीं. यंत्र व विमान बनविणाऱ्यांवर अमेरिकेंत निष्काळजीपणाचा दावा झाला होता. तेथील न्यायाधीशानें तो आरोप १९८५ सालीं अमान्य केला.

येथवर वस्तुस्थिति झाली. आतां तुलना.

न्यायशास्त्राचा अल्पसा अभ्यास ज्यांस घडला आहे त्यांस ठाऊक असेल कीं, आपल्या नैयायिकांनीं ज्ञानाचीं साधनें चार मानिलीं: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. खोट्या ज्ञानाचेही त्यांनीं प्रकार पाडले. विपर्यय म्हणजे दोरीवर साप पाहणें. जें नाहीं तेंच आहे असा पक्का निश्चय. संशय म्हणजे दूरचा खुंट पाहून हा खुंट कीं माणूस, असें मन दोन्हीकडे हेलकावणें. पाठशाळेंत हे भेद घोकतांना पुष्कळांस हा केवळ शब्दांचा काथ्याकूट वाटतो. परंतु वरील दोन अपघातांत नेमका हाच भेद आहे, आणि त्याची किंमत माणसांच्या प्राणांनीं मोजली गेली आहे.

जुन्नरच्या रात्रीं चूक अनुमानाची होती. इतका वेळ उडालों, इतका वेग होता, म्हणून आतां अमुक ठिकाणीं असलों पाहिजे, असा तो तर्क. अनुमानानें विपर्यय उत्पन्न झाला, आणि विपर्ययाचा स्वभावच असा कीं तो स्वतःवर शंका घेत नाहीं. शेवटच्या क्षणापर्यंत तेथें सारें सुरळीत होतें. विमानांत कोणी दचकलें नसेल, कोणी ओरडलें नसेल. मुंबई आली म्हणून कित्येक उतारू पट्टे बांधून सामान आवरीत असतील. त्या रात्रीं संशय आलाच नाहीं, हें तेथील दुर्दैव.

वांद्र्याच्या रात्रीं चूक प्रत्यक्षाची होती. डोळ्यांपुढची तबकडी हें प्रत्यक्षच. आणि प्रत्यक्षास दुसरें प्रमाण कशास, असें आपण म्हणतों. पण येथें संशय आला. माझ्या यंत्रास कांहीं झालें आहे, अशा अर्थाचे उद्गार मुख्य वैमानिकानें काढले. सहवैमानिकाचें उत्तर संदिग्ध होतें. मागें बसलेल्या अभियंत्यानें, त्या यंत्रावर जाऊं नका, असें बजावलें. तिघांजवळ मिळून सत्य होतें. सहवैमानिकापुढें दुसरें क्षितिजदर्शक होतें, आणि मध्यें राखीव म्हणून तिसरेंही होतें. तिघांत दोन जें म्हणतात तें खरें, इतका निर्णय झाला असता तर पुरे होतें. परंतु निर्णयास लागणारा वेळ उरला नव्हता. त्या रात्रीं संशय आला, पण निश्चय झाला नाहीं.

संशयानें नाश होतो असें आपण लहानपणापासून ऐकत आलों आहों, आणि त्यांत तथ्य आहे. मात्र हे दोन अपघात शेजारीं ठेवले म्हणजे त्या वचनाची दुसरी बाजूही दिसते. संशयाच्या अभावींही नाश होतो. ज्याला वेळेवर शंका येते आणि ती फेडण्याची रीत ज्यास ठाऊक असते, तोच तरतो. शंका यावी, पण लौकर यावी. ती बोलून दाखवावी. आणि ती एका प्रमाणानें नव्हे, दुसऱ्या स्वतंत्र प्रमाणानें फेडावी. या दोन रात्रींनीं विमानविद्येस शिकविलें तें इतकेंच, आणि तें ती सावकाश कां होईना पण शिकली.

डोंगराचा धडा प्रथम पाहूं. जुन्नरसारखेच अपघात जगांत इतरत्रही होत होते. १ डिसेंबर १९७४ रोजीं अमेरिकेंत वॉशिंग्टनजवळ एक विमान असेंच अकालीं खालीं येऊन डोंगरावर आदळलें आणि ९२ माणसें गेलीं. त्या सुमारास डॉन बेटमन नांवाच्या कॅनेडियन अभियंत्यानें एक यंत्र सिद्ध केलें होतें. समुद्रसपाटीपासून नव्हे, तर खालच्या प्रत्यक्ष भूमीपासून विमान किती उंच आहे हें तें रेडिओलहरींनीं मोजतें, आणि भूमि वेगानें जवळ येऊं लागली कीं वैमानिकास मोठ्यानें हांक मारतें. वरील अपघातानंतर अमेरिकेंत मोठ्या विमानांवर तें सक्तीचें झालें, आणि मागाहून इतर देशांनींही तें स्वीकारलें. पुढें १९९० नंतरच्या दशकांत त्याची सुधारलेली आवृत्ति निघाली. तिच्या पोटांत साऱ्या जगांतील डोंगरदऱ्यांचा नकाशाच भरलेला असतो. म्हणजे वाघाडीच्या पुजाऱ्याच्या पायांस जें ठाऊक, तें आतां परक्या विमानासही ठाऊक असतें. ज्या माणसास संशय येत नाहीं, त्याच्या वतीनें संशय घेणारें हें यंत्र होय. यानें डोंगरावर आदळण्याचे अपघात पुष्कळ कमी झाले.

समुद्राचा धडा अवघड होता, कारण तो यंत्रांचा नसून माणसांचा होता. दोन यंत्रांत फरक पडला तर तसें दाखविणारे दिवे बसवितां येतात, आणि ते बसविलेही गेले. परंतु अधिकारानें मोठा असलेला माणूस चुकत असतां लहानानें किती स्पष्ट बोलावें, आणि मोठ्यानें तें कसें ऐकावें, हें कोणत्या दिव्यानें शिकवावें? २७ मार्च १९७७ रोजीं टेनेरीफ बेटावरील धांवपट्टीवर दोन अवजड विमानें एकमेकांवर आदळून ५८३ माणसें मरण पावलीं. तेथें एका विमानाच्या अभियंत्यानें, पुढचें विमान धांवपट्टीवरून दूर झालें नाहीं काय, अशी शंका विचारली होती. ज्येष्ठ वैमानिकानें ती झटकून टाकली. अशा अपघातांचा विचार करण्यासाठीं १९७९ सालीं अमेरिकेंत नासा या संस्थेनें विद्वानांची आणि विमान-कंपन्यांची एक बैठक बोलाविली, आणि तेथून एक नवें शिक्षण सुरू झालें. विमान चालविणें ही एका शूराची करामत नसून सर्वांनीं मिळून करावयाचें काम आहे, हा त्याचा गाभा. कनिष्ठानें शंका घुटमळत न सांगतां स्पष्ट शब्दांत सांगावी. ज्येष्ठानें ती आपला अपमान न मानतां तपासावी. आणि एक जण गोंधळला तर दुसऱ्यानें विमान हातीं घ्यावें. आज जगांतील मोठ्या विमान-कंपन्यांत हें शिक्षण प्रत्येक वैमानिकास घ्यावें लागतें.

हें वाचतांना मला आमच्या किनाऱ्यावरील मच्छीमारांची आठवण होते. होडीवर तांडेलाचा शब्द शेवटचा. त्याच्यापुढें कोणी उलट बोलत नाहीं. पण होडीच्या पुढल्या टोकास बसलेल्या पोरानें "खडक!" म्हणून आरोळी ठोकली, तर तांडेल आधीं सुकाणूं फिरवितो. पोराचें वय किती, त्यास समुद्राची अक्कल किती, हें तो मागाहून विचारतो. यांत तांडेलाचा मान कमी होत नाहीं; उलट होडी घरीं येते म्हणूनच त्याचा मान टिकतो.

आणि वाचकहो, आपलीं एकत्र कुटुंबें तरी याहून निराळीं कोठें आहेत? आपल्या घरांत वडील माणसाचा शब्द मोडूं नये ही शिस्त आहे, आणि ती असावी, या मताचा मी आहें. चाळीस वर्षें वर्गांत शिस्त राखलेल्या माणसाकडून दुसरी अपेक्षा कोणी करणार नाहीं. पण मर्यादा आणि मौन हीं एक नव्हेत. आजोबांच्या औषधाच्या गोळ्या सासूबाई देतात. नातवास पाकिटावरचें नांव वाचतां येतें, आणि ही गोळी सकाळची आहे हें त्यास दिसतें. त्यानें बोलावें कीं नाहीं? धाकट्या सुनेस कागदावर सही करण्यापूर्वीं त्यांतील एक कलम खटकतें. पण मोठे दीर म्हणाले म्हणजे झालें, म्हणून ती गप्प बसते. पुढें नुकसान झालें म्हणजे आपण म्हणतों, नशीब! किंवा म्हणतों, दादांची चूक! माजघर आणि ओसरी आपापलें वाक्य उच्चारून मोकळीं होतात. ज्या मुखीं सत्य होतें तें मुख बंद कां राहिलें, हा प्रश्न तसाच राहतो.

लहानानें बोलण्याची रीत असते. अपमान करून नव्हे, उपरोधानें नव्हे. "बाबा, मला येथें अशी शंका येते, आपण एकदां पाहावें," इतकें पुरे. आणि एकदां सांगून ऐकिलें गेलें नाहीं तर दुसऱ्यांदा अधिक स्पष्ट सांगावें. मोठ्याची जबाबदारी त्याहून मोठी. लहान मूल शंका घेऊन येईल तेव्हां त्याची शंका खोटी ठरली तरी त्यास शाबासकी द्यावी. कारण आज खोट्या शंकेवर रागें भरलों, तर उद्यां खरी शंका घेऊन तें येणार नाहीं.

एका भयाविषयींही लिहिलें पाहिजे. अहमदाबादच्या घटनेपासून पुष्कळ घरांतून नातवंडांचे परदेशगमनाचे बेत लांबणीवर पडले, असें कानांवर येतें. आजीचें काळीज धडधडतें, त्यास कोण दोष देईल? परंतु तीच आजी नातवास मोटारीनें मुंबईस जाऊं देतांना फक्त "सांभाळून जा" म्हणते. तलासरीवरून जाणारा तो हमरस्ता आपल्या अंगणांतला, म्हणून त्याचें भय वाटत नाहीं. ४ सप्टेंबर २०२२ रोजीं याच रस्त्यावर, आपल्या तालुक्यांतील चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर, उद्योगपति सायरस मिस्त्री यांचा मोटार-अपघातांत अंत झाला, हें अजून सर्वांच्या स्मरणांत असेल. आपल्या देशांत रस्त्यांवर एका २०२२ सालांत दीड लाखाहून अधिक माणसें मेलीं. विमानाचा प्रवास यापुढें किती तरी निर्धोक आहे. आणि तो आपोआप निर्धोक झालेला नाहीं. प्रत्येक अपघातानंतर ढिगाऱ्यांतून व समुद्रांतून ध्वनिमुद्रणाच्या पेट्या काढून, महिनोन्‌महिने, कधीं वर्षानुवर्षें, कां झालें हें विचारणाऱ्या माणसांनीं तो तसा केला. रस्त्यावरच्या अपघातांस हा प्रश्न आपण अद्याप तितक्या चिकाटीनें विचारीत नाहीं, आणि त्याचें फळ भोगीत आहों.

म्हणून माझी विनंति एवढीच कीं, पुढें केव्हां असा प्रसंग घडला आणि ओसरीवर त्याची चर्चा निघाली, तर चौकशी पुरी होईपर्यंत कोणा मृत माणसाच्या माथीं दोष मारूं नये. तोही कोणाचा तरी मुलगा असतो, आणि त्याचे म्हातारे आईबाप तें वर्तमानपत्र वाचीत असतात. आणि माजघरांत जर कोणी घटका भरल्याची गोष्ट काढली, तर घरांतील मुलांनीं नम्रपणें विचारावें, "ती कशानें भरली, हें आपण शोधूं या काय?" असें विचारणाऱ्या मुलास वडील मंडळींनीं गप्प बसवूं नये. जुन्नरच्या डोंगरावर ९४ आणि वांद्र्याच्या समुद्रांत २१३ माणसें गेलीं. त्यांपैकीं कोणास परत आणणें आपल्या हातीं नाहीं. परंतु त्यांच्या मृत्यूनें जें शिकविलें तें घरांत चालूं ठेवणें आपल्या हातीं आहे.